माळरानांचे पुनरुज्जीवन

माळरानांचे पुनरुज्जीवन : अतिचराई, नांगरट वा अयोग्य वृक्षलागवड यांमुळे ऱ्हास पावलेल्या नैसर्गिक कुरणांवर मूळच्या बहुवर्षायू गवतांचे आच्छादन पुन्हा निर्माण करण्याची प्रक्रिया. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यत्वे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पठारी प्रदेशाशी निगडित आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे भीमा नदीच्या दोन बाजूंचे तालुके याच पट्ट्यात येतात. शिरूर तालुक्यातील निमोणे हे गाव अशाच टापूतील होय. येथे वार्षिक पर्जन्यमान सु. ५० सेंमी. असून पाऊस अनिश्चित असतो. घोड व चासकमान प्रकल्पांच्या कालव्यांखालील जमिनीत ऊस आला. उथळ व मुरमाड जमीन मात्र माळच राहिली.

महसुली दप्तरात अशा जमिनीची नोंद पडीक किंवा पोटखराबा अशी होत आल्याने माळ म्हणजे तोडले गेलेले जंगल, असा समज रूढ झाला. तो बरोबर नाही. पश्चिम महाराष्ट्रातील लोककथा व जुने मराठी साहित्य यांतील वनस्पतींच्या उल्लेखांवर आधारलेल्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हा प्रदेश किमान साडेसातशे वर्षांपासून विरळ झाडीचा व गवताळ आहे. गवताने आपला बराचसा कार्बन मुळांवाटे जमिनीत साठविलेला असतो. वणवा लागला, तरी तो बहुतांशी सुरक्षित राहतो. वृक्षलागवडीसाठी खड्डे व खोल चर खणल्याने गवताचा थर फाटून मुरूम वर येतो. गिरिपुष्पासारख्या परकीय झाडांच्या दाट लागवडीखाली तर गवत खुरटते. हवामानाच्या नावाखाली केलेली अशी लागवड माळाला अपायकारकच ठरते.

पवन्या व मारवेल ही येथील उत्तम चाऱ्याची गवते. ती बी धरण्यापूर्वीच वारंवार चरली गेली, तर त्यांची जागा प्रथम कुसळी आणि पुढे निकस वर्षायू गवते घेतात; शेवटी टाकळा व गाजर गवत उरते. ही अधोगती उलट फिरविण्याचा उपाय साधा आहे : पावसाळ्यात क्षेत्र बंद ठेवणे, बी पक्व होऊन गळू देणे आणि त्यानंतर गवत विळ्याने कापून नेणे. जेथे मुळेच नष्ट झाली आहेत, तेथे स्थानिक बियाणे पेरावे लागते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ग्रामसभेने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून डोंगरउतारांवर गवत वाढविले.

लांडगा, खोकड, तरस, चिंकारा, धाविक व चंडोल हे या माळांवरील वन्य जीव होत. भोवत्या हे शिकारी पक्षी हिवाळ्यात येतात. चिंकाऱ्यासाठी बारामती तालुक्यात सुपे येथे १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र केवळ ५·१४ चौ. किमी. आहे. त्यामुळे या प्राण्यांचा बराचसा वावर अभयारण्याबाहेर, गायराने व शेते यांतच असतो. लांडग्याच्या आहारात शेळ्या-मेंढ्यांचा मोठा वाटा असल्याने नुकसानभरपाई वेळेवर मिळणे हाही संवर्धनाचाच भाग समजला पाहिजे.

सर्वांत अवघड प्रश्न धनगरांचा आहे. त्यांचे कळप पावसाळ्यानंतर कोकणात उतरतात, तेथे शेतात मेंढ्या बसविण्याच्या मोबदल्यात धान्य मिळते. पावसाळ्याच्या तोंडावर ते पुन्हा पठारावर येतात. म्हणजे गवताला विश्रांती हवी नेमक्या त्याच वेळी मेंढ्यांना चारा हवा असतो. सरसकट चराईबंदीचा भार त्यामुळे भूमिहीन मेंढपाळावर पडतो आणि कळप उरलेल्या माळावर दाटी करतात. माळाचे भाग पाडून ते आलटून पालटून बंद ठेवणे हा अधिक न्याय्य मार्ग होय. मात्र त्यासाठी भाग पाडण्याइतका माळ शिल्लक असावा लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये गुरचरणासाठी जमीन राखून ठेवता येते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचा आदेश दिला. तरीही शेती, औद्योगिक वसाहती व सौर ऊर्जा प्रकल्प यांसाठी पडीक म्हणून प्रथम माळाचीच निवड होते.