परदेशातील सांस्कृतिक सहलीची कालनिश्चिती : कंबोडियाच्या संदर्भात

सांस्कृतिक सहलीचा काळ केवळ हवामानावरून ठरविणे अपुरे ठरते. कंबोडियात साधारणतः मे ते ऑक्टोबर पावसाळा, तर नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा ऋतू असतो. १२ व्या शतकातील अंकोरवाट मंदिर डिसेंबर-जानेवारीत सुखाने पाहता येते. परंतु 'बोन ओम तुक' हा जलोत्सव तोवर संपलेला असतो. पावसाळ्यात मेकाँगच्या पुराने तोन्ले साप नदीचा प्रवाह उलटतो व पूर ओसरताच पूर्ववत होतो. या परिवर्तनाशी निगडित असलेला हा नौकाशर्यतींचा उत्सव सामान्यतः कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे दिवाळीनंतर पंधरवड्याने येतो. सबब, वास्तू पाहावयाच्या की लोकजीवन, हे आधी ठरवून मगच प्रवासाची तिथी निश्चित करणे श्रेयस्कर होय.