तापीकाठच्या शाळा: हद्द बदलली, माध्यम बदलले

मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळ उगम पावणारी तापी खानदेश ओलांडून सुरतेपुढे हजीऱ्यापाशी अरबी समुद्राला मिळते. या पट्ट्यातल्या मुलांनी मुळाक्षरे कोणत्या भाषेत गिरवायची, हे मात्र अनेकदा वर्गाबाहेर, राज्यांचे नकाशे आखतानाच ठरत गेले.

1960 पर्यंत सुरत आणि जळगाव एकाच मुंबई राज्यात होते. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावे गुजरातेत गेली. आजच्या तापी जिल्ह्यातला निझर आणि उच्छलचा भाग त्यातलाच. घरे, शेते आणि बाजार होते तिथेच राहिले. शाळेचे खाते, पाठ्यपुस्तके आणि शिक्षक मात्र दुसऱ्या राज्याचे झाले.

सुरत–भुसावळ मार्गावरच्या नवापूर स्थानकात ही हद्द आजही डोळ्यांनी दिसते. स्थानकाच्या सुमारे 800 मीटर लांबीपैकी 300 मीटर महाराष्ट्रात आणि 500 मीटर गुजरातेत आहेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरांचे कार्यालय गुजरातेत. फलाटावरचा एक बाक तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे आहे. गाड्यांच्या सूचना हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात. रेल्वेला चार भाषा चालतात. शाळेला मात्र एक माध्यम निवडावे लागते.

ही निवड किती दूरवर परिणाम करते, ते डांग जिल्ह्यात दिसते. तिथल्या आदिवासींची डांगी बोली मराठीच्या जवळची की गुजरातीच्या, यावर मोठा वाद झाला. 1949 मध्ये मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांनी डांगचा दौरा केला. त्यानंतर तिथल्या शाळांत गुजरातीचा पगडा वाढला. शाळेची भाषा हाच मग प्रदेशावरच्या हक्काचा पुरावा मानला जाऊ लागला, आणि 1960 मध्ये डांग गुजरातेत गेला. आज डांगातल्या आहवा परिसरातली मुले घरी डांगी बोलतात आणि वर्गात गुजराती शिकतात.

सुरत शहरात चित्र उलटे आहे. तिथे हद्द माणसांवरून गेली नाही. माणसेच हद्द ओलांडून आली. खानदेशातून सुरतेकडे येणारी रेल्वे, कापडगिरण्या, यंत्रमाग आणि 1980 च्या दशकापासून हजीऱ्यात उभे राहिलेले खत, पोलाद आणि पेट्रोरसायनांचे कारखाने यांनी जळगाव, धुळे, नंदुरबारची हजारो कुटुंबे इकडे ओढली. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांत अहिराणी सहज कानावर पडते. या मुलांसाठी सुरत महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीने मराठी शाळा चालवल्या. समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत आहेत. एकाच पालिकेने सात माध्यमे सांभाळावीत, ही देशात क्वचित दिसणारी गोष्ट आहे.

या मराठी शाळांतली पुस्तके पुण्याच्या बालभारतीची नसतात. ती गांधीनगरच्या पाठ्यपुस्तक मंडळाची असतात: भाषा मराठी, अभ्यासक्रम गुजरातचा. 2023 च्या कायद्याने गुजरातेतल्या सर्व शाळांत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती विषय सक्तीचा झाला. त्याआधी 2020 मध्ये महाराष्ट्रानेही मराठीसाठी असाच कायदा केला होता.

युरोपात स्लोव्हेनियन लोकांनी याहून कठोर दिवस पाहिले. पहिल्या महायुद्धानंतर 1920 च्या रापाल्लो कराराने त्यांचा पश्चिम भाग इटलीकडे गेला. 1923 च्या शिक्षण सुधारणेने तिथल्या शाळांतून स्लोव्हेनियन टप्प्याटप्प्याने हद्दपार झाली, आणि मुलांना चोरून मातृभाषा शिकवावी लागली. उलट, स्लोव्हेनियात हंगेरीच्या सीमेवरच्या प्रेकमुर्येत 1959 पासून दोन्ही समाजांची मुले एकाच वर्गात स्लोव्हेनियन आणि हंगेरियन या दोन्ही भाषांत शिकतात.

आपल्या राज्यघटनेचे कलम 350-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करायला सांगते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेच्या वेळीच ते घटनेत आले, कारण नव्या सीमा काही मुलांना परक्या भाषेत टाकणार, हे तेव्हाच दिसत होते. पण कलमाने शाळा उघडली तरी ती चालते पटावर. तापीच्या मुखाशी राहणाऱ्या मराठी पालकांनी आपले मूल मराठी शाळेत घातले आणि त्याला गुजरातीही मनापासून शिकू दिली, तरच हे माध्यम टिकेल. पट रिकामा झाला, तर तुकडी बंद व्हायला सरकारी हुकमाची गरज लागत नाही.