कुंपणाबाहेरची विज्ञानकथा

१९ ऑक्टोबर २०१६. रात्रीचे आठ वाजून गेले होते. जुन्नर तालुक्यातल्या ओझरात आम्ही जेवायला बसलो होतो, आणि तिकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या मंगळाकडे कान लावून होत्या. युरोपचं 'स्कियापारेली' यान मंगळावर उतरत होतं आणि त्याची क्षीण हाक थेट ऐकायचं काम आपल्या दुर्बिणीकडे होतं. उतरायला मिनिटभर राहिलं असताना हाक थांबली. यानाच्या संगणकाचा हिशेब चुकला होता. आपण जमिनीच्याही खाली पोचलो असं समजून त्याने हवाई छत्री वेळेआधीच सोडून दिली आणि यान आपटलं.

हे मला नंतर वाचून कळलं. कुणी कथा म्हणून लिहून आणलं असतं, तर 'जरा जास्तच होतंय' म्हणून मी वही परत केली असती.

चाळीसेक वर्षं विज्ञानकथा वाचण्याचं, बघण्याचं आणि त्यावरून मित्रांशी भांडण्याचं व्यसन मला आहे. त्या भांडणांचा हा वार्षिक हिशेब. पण आधी माझा पत्ता सांगतो, कारण माझी मतं त्या पत्त्यावरूनच आलेली आहेत.

दोन तबकड्यांच्या मध्ये

विज्ञानकथा म्हणजे लंडन-न्यूयॉर्कचा माल, असं कुणी म्हणालं की मी त्याला नारायणगावाजवळच्या आर्वीला घेऊन जातो. पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या उपग्रहांवरून जगभर संदेश पाठवता येतील, ही कल्पना आर्थर क्लार्कने १९४५ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात मांडली. त्याच कल्पनेच्या पोटी भारतातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र १९७१ साली आर्वीत सुरू झालं. विक्रम साराभाईंचं नाव त्याला दिलं आहे.

पुढे गोविंद स्वरूप यांनी खोडदला दुर्बीण उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीवाटीने आणि बाकीच्या तीन दिशांना कित्येक किलोमीटर पसरलेल्या. भरीव पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी वापरली म्हणून वारा आरपार जातो आणि खर्चही आवाक्यात राहिला. याच दुर्बिणीने टिपलेला, ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संकेत २०२३ साली जाहीर झाला. तिच्या कुंपणाला लागून कांदा, टोमॅटो आणि ऊस आहे. माझं सगळं म्हणणं या कुंपणापाशी येऊन थांबतं.

व्हर्नपासून धारपांपर्यंत

मराठीत ही वाट अनुवादाने पाडली. विसाव्या शतकाच्या आरंभी, कोचीत बसून मराठी मासिक चालवणाऱ्या कृ. ना. आठल्यांच्या 'केरळ कोकिळ'मध्ये ज्यूल व्हर्नचा चंद्रप्रवास येऊ लागला. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही आपल्या पहिल्या स्वतंत्र विज्ञानकथांत मोजतात. मग भा. रा. भागवतांनी व्हर्नला थेट मुलांच्या पाटावर आणून बसवलं. फास्टर फेणेइतकंच हे त्यांचं काम मोठं आहे, पण त्याची वाहवा निम्मीही झाली नाही.

द. पां. खांबेटे आणि नारायण धारप हे माझे खरे दोस्त. धारपांना लोक भुतांचे लेखक म्हणतात, पण 'गोग्रामचा चितार' वाचलेला माणूस तसं म्हणणार नाही. गूढ आणि विज्ञान यांच्या मधला बांध त्यांनी कधी पक्का केला नाही. टीकाकारांना तो दोष वाटला. मला त्यात ताकद दिसते. रात्री मोटार चालू करायला उसात जाणाऱ्या माणसाच्या मनात भीती आणि स्टार्टर एकत्रच नांदतात. धारपांना हे ठाऊक होतं. अंतरकरांच्या 'नवल'ने आणि 'धनंजय'च्या दिवाळी अंकांनी असल्या कथांना घर दिलं, हेही विसरायला नको.

ना. वि. जगताप कोण?

मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली आणि काही वर्षांतच तिची विज्ञानकथा स्पर्धा सुरू झाली. १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा स्पर्धेला आली. लेखक नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा. जयंत विष्णू नारळीकरांनी नावाचा प्रभाव पडू नये म्हणून टोपणनाव घेतलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून कथा लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवतांनी अध्यक्षीय भाषणात नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली आणि हा प्रकार दिवाणखान्यात आला.

'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' ही पुस्तकं मी अनेकदा वाचलीत. अष्टविनायकातल्या गावचा असल्यामुळे 'उजव्या सोंडेचा गणपती' माझी विशेष लाडकी. आमचा विघ्नहर डाव्या सोंडेचा, तर उजव्या सोंडेचा मान सिद्धटेकला. या कथेत माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होतो, मूर्तीची सोंडही बाजू बदलते आणि भूमितीचा एक अवघड प्रश्न क्रिकेटच्या मैदानावर उलगडतो. श्रद्धेची टिंगल नाही आणि विज्ञानाची पातळ आमटीही नाही. 'गंगाधरपंतांचे पानिपत'ही तसंच. पानिपतची लढाई मराठे जिंकले असते तर, हा आपल्या पारावरचा प्रश्न त्यांनी पुंजभौतिकीला विचारला.

तरीही चाहत्याची तक्रार सांगतोच. नारळीकरांच्या कथेत गोष्ट कधीकधी मध्येच खाली बसते आणि व्याख्यान उठून उभं राहतं. पात्रं हुशार असतात, पण त्यांना भूक लागत नाही. हाच वसा पुढच्या अनेकांनी घेतला. बाळ फोंडके शास्त्रज्ञ, सुबोध जावडेकर रसायन अभियंते. जावडेकर मात्र माणसाच्या मनात उतरतात, भोपाळवर 'आकांत' लिहितात, म्हणून मला ते जवळचे वाटतात. लक्ष्मण लोंढ्यांच्या 'दुसरा आइन्स्टाईन'मधला नैतिक पेच आजही बोचतो. शुभदा गोगट्यांची 'यंत्रायणी' आणि अरुण साधूंची 'विप्लवा' नव्या वाचकांच्या हाती पडत नाहीत, याचं वाईट वाटतं.

बक्षिसं कुणी द्यायची?

ह्यूगो पुरस्कार १९५३पासून चाहत्यांच्या मतांवर ठरतो. जागतिक संमेलनाचे सभासद वाचतात, भांडतात, मत देतात. नेब्युला लेखक मंडळी देतात. १९७४ साली, म्हणजे जगताप नावाने कथा पाठवली गेली त्याच साली, क्लार्कच्या 'रांदेवू विथ रामा'ने दोन्ही पटकावले. २०१५ साली लिउ त्सिशिन यांच्या 'थ्री बॉडी प्रॉब्लेम'ला ह्यूगो मिळाला. अनुवादित कादंबरीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

आपल्याकडे नारळीकरांना साहित्य अकादमी मिळाली ती 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रासाठी. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, पण प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही. मे २०२५मध्ये ते गेले. विज्ञान परिषदेच्या स्पर्धेने लेखक घडवले, हे ऋण मोठंच आहे. पण स्पर्धेला परीक्षक असतात, आणि परीक्षक आधी विज्ञान बरोबर आहे का ते बघतात. वाचक आधी झोप उडते का ते बघतो. वाचकांच्या मतांवर ठरणारं एखादं बक्षीस मराठीत हवं. रक्कम राहू द्या, नारळ आणि शाल पुरे.

पडदा

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायची. मग 'स्पेस सिटी सिग्मा' आली. पुठ्ठ्याचं यान आणि जकाकू नावाचा खलनायक. अँटेना फिरवायला एकाला कौलांवर चढवून बाकीची पोरं खाली बसत. १९९८ साली 'कॅप्टन व्योम' आला. नारळीकरांच्या 'ब्रह्मांड' मालिकेने खरं आकाश घरात आणलं. हे सगळं हिंदी किंवा इंग्रजी. मराठी वाहिन्यांवर सासूच्या कटाला हजार भाग मिळतात, परग्रहवासीयाला एक पाहुणचार मिळत नाही. मराठी सिनेमात 'फुंतरू'ने २०१६ साली धाडस केलं. ते फसलं असं माझं मत, पण धाडस म्हणून मी त्याच्या बाजूने.

प्रेक्षकांना झेपणार नाही, असं निर्माते म्हणतात. त्यांनी हंगामात नारायणगावला यावं, तमाशाच्या राहुट्यांत बसावं. गवळणीतली मावशी द्वापरयुगातल्या कृष्णाला बिनदिक्कत एसटीचं भाडं विचारते, आणि हे काळाशी जुळत नाही म्हणून कुणी उठून जात नाही. कालयंत्र आमच्याकडे ढोलकीवर चालतं.

बाहेरून

'थ्री बॉडी प्रॉब्लेम'मध्ये एका डोंगरावरच्या भल्या मोठ्या अँटेनापासून संकट सुरू होतं. वाचताना मला खोडद दिसत होतं. दुर्बीण मराठी कथेलाही नवी नाही, पण आपल्या कथेत ती बहुधा आतून दिसते. शास्त्रज्ञ, पडद्यावरची रेषा, परिषदेतलं भाषण. कुंपणाबाहेरून पाहिलं की वेगळेच प्रश्न दिसतात. दूरवरच्या आकाशगंगांचं ऐकू यावं म्हणून या भागात रेडिओ शांतता पाळावी लागते. नारायणगावावरून जाणारा पुणे–नाशिक वेगवान रेल्वेचा मार्ग दुर्बिणीसाठी बदलायचं ठरलं, तेव्हा तालुक्यात नाराजी उसळली. विश्वाचा इतिहास ऐकायचा की पोरांना पुण्याची नोकरी गाठू द्यायची? यापेक्षा मोठा पेच कुठल्या ह्यूगोविजेत्या कादंबरीत आहे, मला दाखवा.

म्हणून मला हवी असलेली कथा सांगून थांबतो. तीच रात्र, १९ ऑक्टोबरची. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आहे. एक माणूस बॅटरी घेऊन उसाकडे निघालाय, तोंडाने मोठमोठ्याने बोलतोय, कारण बिबट्याला माणूस आल्याचं कळायला हवं. तो पेटीशी पोचतो, स्टार्टर दाबतो, जुन्या जोडावर ठिणगी उडते. ठिणगी उडाली की रेडिओ लहरी निघतातच, आणि विजेच्या तारांवरच्या असल्या ठिणग्यांचा दुर्बिणीला खरोखर त्रास होतो. तिकडे पडद्यावर मंगळाची हाक क्षणभर गोंगाटात बुडते. परत वर येते. मग कायमची थांबते.

त्याला यातलं काही माहीत नाही. पाटात पाणी आलं का, ते तो वाकून बघतोय.