जुनी वायरिंग, नवा एलईडी : एकेरी आणि मल्टिस्ट्रँड वायर जोडताना नेमके काय चुकते?

बीड : गेवराई असो की अंबाजोगाई, जुन्या घरात नवा एलईडी बसवताना एक गोष्ट हमखास दिसते. छतातून आलेली तार जाड, कडक आणि एकेरी असते, तर नव्या लाइटच्या वायरमध्ये केसासारख्या बारीक तारांचा जुडगा असतो. मग दोन्ही टोके सोलायची, पीळ द्यायचा, वर काळी टेप गुंडाळायची. लाइट लागला की काम झाले! पण असा जोड काही महिन्यांत सैल पडू शकतो. तो का आणि योग्य जोड कसा द्यायचा, हे समजून घेऊ.

दोन वायरमध्ये फरक काय?

एकेरी तार म्हणजे एकच भरीव कांडी. जुन्या पट्टी फिटिंगमध्ये १.५ चौरस मिलिमीटरची अशी अॅल्युमिनियम तार सर्रास वापरली जाई. आता घरात तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर ओढतात; लाइटसाठी साधारण १ ते १.५ आणि मोठ्या सॉकेटसाठी २.५ चौरस मिलिमीटरपासून पुढे. लाइटसोबत येणारी वायर बहुधा याहूनही बारीक असते.

नुसता पीळ का टिकत नाही?

कडक तार वाकत नाही. मऊ तारांचा जुडगाच तिच्याभोवती फिरतो आणि थोडा ताण येताच सरकतो. आयटीआयमध्ये ब्रिटानिया आणि वेस्टर्न युनियन हे जोड एकेरी तारांसाठी, तर मॅरीड जॉइंट मल्टिस्ट्रँडसाठी शिकवतात. दोन्हींचा मेळ नुसत्या पिळाने बसत नाही.

एका तारेत तांबे आणि दुसरीत अॅल्युमिनियम असेल तर धोका वाढतो. अॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर बसतो आणि तो वीज अडवतो. तापल्यावर अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे तापणे-निवणे सुरू राहिले की जोड ढिला होतो. ओल आली तर दोन धातूंच्या सांध्यावर गंजही चढतो.

एमसीबी असताना भीती कशाची?

दहा वॉटच्या एलईडीचा करंट अगदी कमी असतो. पण त्याच जोडावरून पुढच्या बोर्डाला लाइन गेली असेल आणि तिथे १,००० वॉटची इस्त्री लावली, तर २३० व्होल्टला सुमारे ४.३ अँपिअर करंट वाहतो. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम धरला, तरी करंटचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने टेपखालच्या चिमूटभर जागेत ९ वॉटहून अधिक उष्णता तयार होते. सहा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने मात्र सारे ठीकच असते. करंट जमिनीत गळत नसल्याने आरसीसीबीही पडत नाही. जोड तापत राहतो.

पत्र्याच्या घरात जास्त काळजी का?

बीडमध्ये एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो. तापलेल्या पत्र्याखाली टेपचा चिकटपणा जातो आणि ती उलगडते. उघडा फेज पत्र्याला किंवा लोखंडी अँगलला टेकला, तर सगळ्या छतात करंट उतरू शकतो. त्याला बांधलेल्या कपडे वाळत घालायच्या तारेतही. ऊसतोडणीला गेलेल्या कुटुंबांची घरे कित्येक महिने बंद असतात. परतल्यावर मेन स्विच चालू करण्याआधी उंदरांनी कुरतडलेल्या वायर आणि सुटलेल्या टेप पाहून घ्याव्यात.

योग्य जोड कसा द्यावा?

१. मेन स्विच बंद करा. फक्त लाइटचे बटन बंद करणे पुरेसे नाही, कारण बटन चुकून न्यूट्रलवर असू शकते. टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासा, मग मेन बंद करून जोडाच्या जागी.

२. तार ब्लेडने हळूच खरवडा. आतून लालसर दिसली तर तांबे, पांढरीच राहिली तर अॅल्युमिनियम.

३. दोन्ही तारा तांब्याच्या असतील तर लिव्हरचा कनेक्टर वापरा. त्यात प्रत्येक तारेला वेगळी स्प्रिंग असते, म्हणून कडक आणि मऊ तार शेजारी घट्ट बसते. कनेक्टरवर दाखवली असेल तेवढीच वायर सोला. बहुधा ती ११ मिलिमीटरच्या आसपास असते. नुसत्या दाबून बसवायच्या कनेक्टरमध्ये मऊ तारा नीट शिरत नाहीत.

४. स्क्रूची कनेक्टर पट्टी असेल तर मऊ तारांच्या टोकाला फेरूल क्रिंप करा. नाहीतर स्क्रूखाली बारीक तारा तुटतात. टोकाला कथील लावून स्क्रू कसू नका. कथील दाबाखाली हळूहळू पसरते आणि स्क्रू ढिला पडतो.

५. प्रत्येक तार ओढून पाहा. जोड उघडता येईल अशा बॉक्समध्येच ठेवा. प्लास्टरमध्ये गाडू नका, पीओपीवर मोकळा सोडू नका.

६. तार अॅल्युमिनियमची असेल तर त्या धातूसाठी चालतो असे लिहिलेलाच कनेक्टर घ्या. शक्य असल्यास त्या पॉइंटपर्यंत तांब्याची नवी वायर ओढणे उत्तम.

निळ्या वायरचा घोळ काय आहे?

अनेक लाइटच्या ड्रायव्हरवर तपकिरी म्हणजे फेज आणि निळी म्हणजे न्यूट्रल असते. आपल्याकडे मात्र लाल, पिवळी, निळी या फेजच्या आणि काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. त्यामुळे छतातली निळी आणि लाइटची निळी डोळे मिटून जोडू नका. टेस्टरने खात्री करा.

लाइट लुकलुकतो, दोष कुणाचा?

एकच लाइट लुकलुकत असेल तर त्याचा जोड, होल्डर किंवा तो लाइटच तपासा. सगळ्या घरात कमी-जास्त होत असेल तर मेन किंवा सर्व्हिस वायरचा जोड. शेजाऱ्यांकडेही तेच असेल तर बाहेरच्या लाइनचा प्रश्न. महावितरणकडे १९१२ वर तक्रार करा. मीटर आणि खांबाकडच्या वायरला स्वतः हात लावू नका.

हे काम स्वतः करावे का?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटन बदलण्याची मुभा आहे. नवी लाइन ओढणे किंवा वायरिंग वाढवणे हे मात्र परवानाधारक कंत्राटदाराचे काम आहे. जळका वास, काळवंडलेली टेप, गरम बोर्ड किंवा अॅल्युमिनियमची तार दिसली, तर मेन बंद करून वायरमनला बोलवा. काम झाल्यावर बॉक्सचे झाकण लावण्याआधी जोड कसा दिला ते दाखवायला सांगा. नुसता पीळ आणि टेप दिसली, तर कनेक्टर बसवून घ्या.