उपकेंद्र आहे, पण उपयोग होतोय का?

आज जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याकडे बघू.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झालं. आरोग्य उपकेंद्राचा नियम असा: सपाटीवर ५,००० लोकांमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक. सवलत आहेच की! पण हा हिशेब डोक्यांचा. भीमाशंकरच्या किंवा नाणेघाटाच्या बाजूला वाड्या विखुरलेल्या. तिथे आकडा जुळला, तरी दिवस भरलेल्या बाईची पायपीट त्यात कुठे दिसते?

मग योजना नीट चाललीय हे ठरवायचं कसं? २००७ मध्ये पुण्यासह महाराष्ट्राच्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच विचारायचं: नर्सताई येतात का? औषध मिळतं का? पैसे मागितले का? उत्तरांवरून गावाचं प्रगतिपुस्तक भरायचं. हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे जेमतेम, लाल म्हणजे वाईट. तक्रारींचा जाब जनसुनवाईत, अधिकाऱ्यांसमोर.

मला ही पद्धत पटते. इमारत मोजता येते. पण सेवा मिळाली की नाही, हे ज्याला ती हवी होती तोच सांगू शकतो.

आज घरी आजीला एवढंच विचारा: बीपीची गोळी उपकेंद्रात मिळते, की विकत आणावी लागते? मग रंग तुम्हीच ठरवा.