खुब्याची वेळेवरची पारख

जन्मतः खुब्याची वाटी उथळ राहिली, तर मांडीच्या हाडाचा गोल माथा तिच्यात नीट बसत नाही. कधी पार बाहेर निसटतो. मुली, पायाळू बाळं आणि घरात आधी कुणाला हा दोष असलेली बाळं यांना धोका अधिक. दुखत काहीच नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. मूल लचकत चालू लागलं की मंगरूळपीरसारख्या गावाहून अकोल्या-नागपूरच्या फेऱ्या सुरू होतात.

पहिली पारख मात्र गावातच होऊ शकते. फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांच्या यादीत खुबाही आहे. प्रसूतीच्या ठिकाणी डॉक्टर-नर्सनी, घरी आशाताईंनी आणि अंगणवाडीत फिरत्या पथकानं बाळ पाहावं, अशी ही रचना आहे.

तपासणीला लागतात ते उबदार हात. पोट भरलेलं, शांत बाळ उताणं निजवायचं; रडणाऱ्या बाळाचे स्नायू ताठतात. गुडघा दुमडून अंगठा मांडीच्या आतल्या बाजूला, मधलं बोट बाहेरच्या उंचवट्यावर. एका वेळी एकच पाय हळुवार बाहेर फाकवत बोटानं उचलायचा. निसटलेला माथा आत शिरताना बोटाला खटका जाणवतो. इटलीचे बालरोगतज्ज्ञ ओर्तोलानी यांनी १९३७ साली ही खूण नोंदवली. शंका आली किंवा बाळ पायाळू असेल, तर सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी. तेव्हा माथा कूर्चेचा असल्यानं एक्स-रेत दिसत नाही.

सहा महिन्यांच्या आत बहुतेकदा मांड्या दुमडून फाकलेल्या ठेवणाऱ्या पाव्हलिकच्या पट्ट्यांवर भागतं. पुढे भूल देऊन सांधा बसवतात आणि कमरेपासून प्लास्टर घालतात. दीड वर्षानंतर बहुधा सांधा उघडावा लागतो. टोरांटोचे शल्यविशारद सॉल्टर यांच्या पद्धतीत वाटीच्या वरचं हाड कापून वाटीचं छत पुढे-बाहेर झुकवतात, फटीत कमरेच्याच हाडाची पाचर बसवतात आणि तारांनी पक्की करतात. शस्त्रक्रिया मोठी, माथ्याचा रक्तपुरवठा बिघडण्याची जोखीमही असते.

म्हणून दुपट्यात पाय सरळ आवळून बांधू नयेत. मांड्या मोकळ्या ठेवाव्यात. मान धरलेलं बाळ कडेवर घेण्याची आपली रीत खुब्याला मानवते. आणि दवाखान्यातून घरी निघताना प्रत्येक आईनं विचारावं: ‘डॉक्टर, खुबे तपासले ना?’ या प्रश्नाला उत्तर मिळणं हा तिच्या बाळाचा हक्क आहे.