बागेंतलीं पांखरें आणि आमचा कॅमेरा

पालकांच्या कानीं आलेंच असेल कीं, गेल्या एक-दोन वर्षांत आमच्या शाळेंतील कांहीं विद्यार्थ्यांस पांखरांचे फोटो काढण्याचा नाद लागला आहे. रविवारीं पहांटे मुलें घराबाहेर पडतात, उशिरां परततात, आणि बुटांबरोबर हिमायत बागेची माती घरांत आणतात, ही तक्रार आमच्यापर्यंत पोंचली आहे. ह्या नादांत नेमकें काय करावें लागतें, तो कोठें चांगला व कोठें घातक, हें समजावून द्यावें, ह्या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

कित्येकांची समजूत असते कीं, रानचे जीव पाहावयाचे तर ताडोब्यास गेलें पाहिजे. ही समजूत मोडणारा मनुष्य आपल्याच महाराष्ट्रांत जन्मला. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे १८५१ सालीं सातारा येथें एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरीं जन्मले. चाकरी त्यांनीं मिठाच्या व जकातीच्या खात्यांत केली. आणि १८८३ सालीं 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतली सरहद्द वायव्येकडील डोंगरांची नाहीं, तर त्यांच्या बंगल्याच्या ओटीची व बागेची आहे. आणि टोळ्या आहेत त्या उंदरांच्या, मुंग्यांच्या, कावळ्यांच्या! त्याच वर्षीं मुंबईंत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठ गृहस्थांत तेही होते. डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन डॉक्टर त्याच आठांत होते, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

इंग्लंडांत याच सुमारास रिचर्ड व चेरी कीर्टन हे यॉर्कशायरचे बंधु उदयास आले. १८९२ सालीं चेरीनें एका घरट्याचा अंड्यांसह फोटो घेतला, आणि १८९५ सालीं दोघांनीं घरट्यांविषयीं जें पुस्तक काढलें, त्यांतील सर्व चित्रें प्रत्यक्ष फोटोंचीं होतीं. पांखरांजवळ जाण्याकरितां ह्या बंधूंनीं बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल करविला व त्याच्या पोटांत दडून फोटो घेतले. ही हकीकत ऐकून आमच्या दोघा विद्यार्थ्यांनीं तसा बैल करण्याची परवानगी मागितली. ती आम्हीं नाकारली. बागेंतलें पांखरूं माणसांत वाढलेलें असतें. तें आपल्या रूपास भीत नाहीं, आपल्या एकाएकीं हालण्यास भितें. झाडाच्या बुंध्याशीं अर्धा तास स्वस्थ बसावें, म्हणजे तें आपल्या उद्योगास लागतें. हा अर्धा तास मात्र आठवीच्या मुलास बैल करण्याहून कठीण जातो.

आमच्या शहरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, ह्या कामीं मोठें भाग्य लाभलें आहे. दिल्ली दरवाज्याजवळ मोगल अमदानींतला खिजरी तलाव आहे. त्यास आज सलीम अली सरोवर म्हणतात. त्याच्या शेजारीं हिमायत बाग, जेथें हल्लीं फळझाडांचें संशोधन चालतें. सलीम अली ह्यांनीं १९३१-३२ च्या सुमारास निजामाच्या राज्यांतील पक्ष्यांची पाहणी केली, व आपलें शहर तेव्हां त्याच राज्यांत होतें. पक्षिशास्त्राकडे ते वळले तेही एका मारलेल्या पांखरामुळें. १९०८ सालीं, लहानपणीं, त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें एक पिवळ्या कंठाची चिमणी पाडली, आणि ती कोणत्या जातीची हें विचारावयास ते सोसायटीच्या कचेरींत गेले. त्या काळीं पक्षी निश्चित ओळखावयाचा तर तो बहुधा हातांत मेलेला असावा लागे. आज तें काम कॅमेरा पुष्कळ अंशीं भागवितो, व पक्षी उडून जावयास मोकळा राहतो.

आतां थोडें तंत्राविषयीं. कॅमेरा महाग असलाच पाहिजे असें नाहीं, पण प्रकाश कळला पाहिजे. नर जांभळा शिंजीर दुरून काळा ठिक्कर दिसतो. त्याच्या पिसांतील जांभळी-निळी झाक रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतण्यानें उत्पन्न होते. म्हणून सूर्य आपल्या पाठीशीं असेल तरच ती फोटोंत उतरते. बगळ्याचें उलट आहे. भर उन्हांत त्याचें पांढरें अंग नुसता डाग होतें, एकही पीस निराळें दिसत नाहीं. तेथें कॅमेऱ्यांत प्रकाश मुद्दाम कमी घ्यावा लागतो. उडत्या पांखराकरितां सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाइतका क्षण पकडावा. आणि तळ्याकांठचा शेकाट्या टिपावयाचा तर उभें राहूं नये, जमिनीशीं लवावें. त्याचे लांब तांबडे पाय वरून पाहतां अर्धे हरवतात. (कपड्यांना माती लागते ती येथें. पालकांनीं क्षमा करावी.) सकाळचे पहिले दोन तास सर्वोत्तम, दुपारचे फोटो बहुतेक पुसून टाकावे लागतात.

आतां जी गोष्ट सांगावयाची आहे ती आम्हांस सुखाची नाहीं. दोन वर्षांपूर्वीं, पावसाळ्याच्या तोंडीं, आवाराच्या मेंदीच्या कुंपणांत बुलबुलाचें घरटें सांपडलें. आंत गुलाबी, तांबूस ठिपक्यांचीं तीन अंडीं होतीं. पुढें पिलें झालीं. भिंतीवरील प्रदर्शनास एक उत्तम फोटो हवा होता, आणि मध्यें दोन डहाळ्या आड येत होत्या. इयत्ता आठवींतील एक विद्यार्थी, ज्याच्याजवळ कॅमेरा नव्हता व जो नुसती वही घेऊन रोज तेथें बसे, तो म्हणाला, "सर, त्या कापूं नका, दुपारीं ऊन तिकडूनच येतें." आम्हीं त्या कापल्या. फोटो फार सुंदर आला: तिन्ही चोंची उघड्या, आई कांठावर. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या फटीतून भारद्वाज शिरला, ज्याचें दर्शन आपण शुभ मानतों. घरटें रिकामें झालें. भारद्वाजाचा दोष नाहीं. पिलें खाणें हा त्याचा आहार आहे. वाट आम्हीं करून दिली होती. तो फोटो आम्हीं भिंतीवर लावला नाहीं.

नंतर वाचनांत आलें कीं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत 'शिकार' ह्या शब्दाच्या व्याख्येंतच पक्ष्यांच्या अंड्यांची व घरट्यांची नासधूस येते. म्हणजे बंदुकीवांचूनही शिकार होते. आज कित्येक पक्षिविषयक नियतकालिकें व स्पर्धा घरट्यांचे फोटो स्वीकारीतच नाहींत. आमच्या मंडळानेंही तोच नियम केला आहे. शिवाय यंत्रावर पक्ष्यांची ध्वनिमुद्रित शीळ वाजवून त्यांस बोलावणेंही आम्हीं बंद केलें. नर आपल्या हद्दींत परका शिरला असें समजून खाणें सोडून धांवत येतो, व आपल्या करमणुकीसाठीं त्याची शक्ति खर्ची पडते.

हिंवाळ्यांत पैठणला जावें. गोदावरीवरील जायकवाडीच्या धरणानें झालेला नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेथें चक्रवाक येतात, रोहित येतात, आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात. ते इतके दूर बसतात कीं, आमच्या कॅमेऱ्यांत नुसते ठिपके उमटतात. दुर्बीण घेऊन जावी, अभयारण्याचे नियम पाळावे, व ठिपक्यांवर समाधान मानावें.

पाहण्याचें खरें काम वहींतच होतें: तारीख, वेळ, जागा, हवा, पक्षी काय करीत होता. इंग्लंडांत १९७९ पासून दर जानेवारींत लोक आपापल्या बागेंत एक तास बसून पांखरें मोजतात. हा उपक्रम मूळचा मुलांकरितांच निघाला. आपल्याकडेही २०१३ पासून फेब्रुवारींत तशीच परसांतील पांखरांची गणती होते, व तीस पंधरा मिनिटें पुरतात. कॅमेरा लागत नाहीं, म्हणून कोणत्याही मुलास ती करतां येते.

गेल्या फेब्रुवारींत आम्हीं ती आवारांत केली. त्याच विद्यार्थ्याच्या वहींत मेंदीच्या कुंपणासमोर नोंद होती: 'बुलबुल २, एकाच्या चोंचींत काडी.' घरटें कोठें आहे, तें त्यानें आम्हांस सांगितलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं.